कसोटीची मुदत : इंदापूरचा बंदोबस्त आणि संगणकाच्या वेगाचे मापन

संगणकशास्त्रात 'बेंचमार्क' हा शब्द आज सर्रास वापरला जातो. परंतु तो मूळचा मोजणीदारांचा आहे. जमिनीची पातळी घेताना उपकरणाला नेमका आधार मिळावा म्हणून दगडावर किंवा भिंतीवर जी आडवी खूण कोरून ठेवीत, तिचे हे नाव. आपल्या परिभाषेत तिला तलचिन्ह म्हणतात. पुढील प्रत्येक मोजणी त्या खुणेशी ताडून पाहावयाची, असा संकेत होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच शब्द संगणकाकडे आला व त्याचा अर्थ बदलला. ठराविक काम ठरवून घ्यावयाचे, ते निरनिराळ्या यंत्रांवर किंवा एकाच कार्यक्रमाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर चालवावयाचे, आणि लागलेला वेळ नोंदवावयाचा, या कृतीला बेंचमार्क म्हणू लागले. स्थिर खुणेच्या जागी चालणारी कसोटी आली. आणि कसोटी चालणारी असली की ती किती वेळ चालावी, हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा एका जुन्या उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. ते उदाहरण पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याचे आहे. १८३० ते १८७५ या अवधीत तेथे जमिनीच्या कसाची मापे घेतली गेली, त्यांवर सारा बसविला गेला, तो मोडला आणि पुन्हा बसविला गेला. महसुलाच्या इतिहासात हा विषय परिचित आहे. तथापि त्याकडे 'मापनाची मुदत' या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही, आणि तसे पाहिल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम संगणकाची बाजू थोडक्यात मांडणे आवश्यक आहे. क्षणार्धात संपणाऱ्या कसोटीत घड्याळाची सूक्ष्मता अपुरी पडते. यंत्रावर त्याच वेळी चाललेल्या इतर कामांचा उपद्रव निकालात मिसळतो. प्रक्रियकाजवळची कॅशे नावाची लहान व जलद स्मृती पहिल्या फेरीत रिकामी असते आणि दुसऱ्या फेरीत भरलेली असते, त्यामुळे एकाच कामाला दोन वेगळे वेळ लागलेले दिसतात. उलट तासन्‌तास चालणाऱ्या कसोटीत हे दोष विरून जातात. पण तेथे वेगळ्याच गोष्टी मापल्या जातात. प्रक्रियक तापतो व आपली गती आपणच कमी करतो, स्मृतीचे तुकडे पडतात, साठवणुकीच्या यंत्रणेवर ताण येतो. म्हणजे छोटी कसोटी व लांब कसोटी या एकाच मापाच्या कमीअधिक अचूक आवृत्त्या नव्हेत. त्या दोन वेगळ्या गोष्टींची मापे आहेत.

म्हणून अनुभवी मंडळी कसोट्यांची मांडणी मुदतीनुसार करतात. अमेरिकेतील नासाच्या एम्स संशोधन केंद्राने १९९१ मध्ये समांतर यंत्रांसाठी जो कसोटीसंच सिद्ध केला, त्यातील प्रत्येक प्रश्न आकारानुसार वर्गवार दिलेला आहे. एस वर्ग केवळ झटपट तपासणीसाठी. डब्ल्यू हा त्या काळच्या मेजावरील यंत्रांसाठी. ए, बी, सी हे प्रमाण वर्ग, ज्यांत प्रत्येक पुढचा वर्ग मागच्याच्या सुमारे चौपट. आणि नंतर जोडलेले डी, ई, एफ हे सुमारे सोळापटींनी चढत जाणारे. १९८८ साली स्थापन झालेल्या 'स्पेक' संस्थेच्या संचातही प्रत्येक कार्यक्रमासाठी तीन प्रकारची सामग्री असते. पहिली कार्यक्रम चालतो की नाही एवढेच पाहण्यासाठी, दुसरी भाषांतरक कार्यक्रमाला सरावासाठी, आणि तिसरी प्रसिद्ध करावयाच्या निकालासाठी. पहिल्या सामग्रीवर मिळालेला वेळ निकाल म्हणून छापणे नियमबाह्य आहे. हा नियम वरवर पाहता तांत्रिक वाटतो. इंदापूरचा इतिहास वाचल्यावर तो तितका किरकोळ वाटत नाही.

इंदापूर तालुका नीरा व भीमा या नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. दक्षिणेस नीरा, उत्तरेस व पूर्वेस भीमा, आणि दोहोंचा संगम नरसिंहपुराजवळ. पर्जन्यछायेतील हा प्रदेश. पाऊस थोडा आणि त्याहून वाईट म्हणजे अनिश्चित. नदीकाठी खोल काळी जमीन, माळावर मुरमाड व बरड, आणि मुख्य पीक ज्वारी. एका वर्षी उत्तम पीक व पुढील दोन वर्षे जवळजवळ काहीच नाही, असे येथे नेहमी घडे. ज्या प्रदेशात वर्षावर्षांतील चढउतार मोठा, त्या प्रदेशात एका वर्षाचे माप सर्वांत कमी विश्वसनीय ठरते, हे येथे लक्षात ठेवावयाचे.

१८१८ मध्ये पेशवाई गेल्यानंतर दख्खनेत सारा कसा बसवावा, याचा खल सुरू झाला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल या सनदी अधिकाऱ्याकडे मोजणीचे काम आले. प्रिंगल हा हेलीबरीच्या महाविद्यालयात शिकलेला, आणि रिकार्डोच्या खंडसिद्धांताचा त्याच्या मनावर पगडा होता. त्याची पद्धत तर्कदृष्ट्या निर्दोष होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकते ते काढावयाचे, त्यातून लागवडीचा सर्व खर्च वजा करावयाचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे. १८३० च्या सुमारास हे दर अमलात आले.

प्रिंगलच्या पद्धतीत निरनिराळ्या मुदतींची मापे एकाच गणितात एकत्र आली होती. जमिनीची प्रत ही दीर्घकाळ टिकणारी गोष्ट; तिच्यातील पीक हे एका हंगामाचे; बैल, बियाणे व मजुरी यांचा खर्च त्या त्या वर्षाच्या भावावर अवलंबून; आणि धान्याची किंमत तर महिन्यामहिन्याला बदलणारी. या सर्वांच्या बेरीज-वजाबाकीतून निघालेला आकडा मात्र कायमच्या कसाचा निदर्शक मानला गेला. वजाबाकीचा एक दोष येथे सांगितला पाहिजे. मोठ्या रकमेतून दुसरी मोठी रक्कम वजा करून लहान बाकी काढली, तर मूळ दोन रकमांतील थोडी चूकही बाकीत कित्येक पटींनी मोठी दिसते. निव्वळ उत्पन्न ही अशीच बाकी होती. संगणकाच्या कसोटीतही कार्यक्रम सुरू होण्याचा वेळ वजा करून उरलेला अल्प वेळ मापू पाहणाऱ्यास हाच अनुभव येतो.

शिवाय माहिती गोळा करणाऱ्या कनिष्ठ नोकरांनी लबाड्या केल्या, हेही खरे. पण त्या सर्वस्वी प्रामाणिक असत्या तरी परिणाम फारसा वेगळा झाला नसता, असे आमचे मत आहे. धान्याचे भाव उतरत गेले, पाऊस दगा देत राहिला, आणि दर तसेच राहिले. वसुली होईना, दरसाल सूट द्यावी लागू लागली. इंदापुरात पुष्कळ जमीन पडीत पडली व कित्येक कुटुंबांनी गाव सोडले.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हा सनदी अधिकारी आणि विंगेट व नॅश हे लष्करी अधिकारी यांच्याकडे इंदापूरच्या दरांच्या फेरतपासणीचे काम देण्यात आले. १८३६ पासून नवे, बरेच हलके दर लागू झाले व पुढे त्यांना तीस वर्षांची हमी मिळाली. मुंबई इलाख्याच्या बंदोबस्तपद्धतीचा आरंभ येथून मानतात. ती पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली. आपल्या दृष्टीने तिचे मर्म असे की, तिने प्रिंगलच्या एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले. या शेताचा कस त्या शेताच्या मानाने किती, हा पहिला. आणि एकंदर तालुक्याने किती भार सोसावा, हा दुसरा. दोहोंच्या कसोट्या वेगळ्या आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेतात उभे राहून देता येई. प्रतबंदी करणारा कारकून शेताचे भाग पाडी व प्रत्येक भागात पहारीने खणून मातीची खोली व जात पाही. संयुक्त अहवालातील कोष्टकात मातीच्या तीन जाती व एकंदर नऊ प्रती होत्या. बारीक, एकजीव, काळी ते गडद तपकिरी माती पावणेदोन हात खोल असेल तर ती पहिल्या प्रतीची, म्हणजे सोळा आण्यांची. दीड हातास चौदा आणे, सव्वा हातास बारा, एक हातास दहा, आणि याप्रमाणे पाव हातास साडेचार आणे. जाडसर व फिकट मातीस पावणेदोन हात खोलीलाही चौदाच आणे. मुरमाड, सैल मातीची सुरुवात एक हात खोलीला सहा आण्यांपासून, आणि पाव हातास दोन आणे, ही शेवटची प्रत. वाळू, उतार, पाणी साचणे यांसारखा एखादा दोष आढळला की प्रत एकाने उतरे. खड्डा खणावयास काही मिनिटे, शेत पुरे करावयास काही तास. येथे पिकाचा, भावाचा किंवा पावसाचा संबंध नव्हता. कसोटी छोटी होती, कारण तिच्याकडे विचारलेला प्रश्नच असा होता की ज्याचे उत्तर उद्याही तेच राहील.

दुसऱ्या प्रश्नाला असा खड्डा खणून उत्तर मिळत नाही. त्यासाठी मागील पुष्कळ वर्षांचे दप्तर काढावे लागे. उपलब्ध असेल तितक्या वर्षांची लागवड, आकारणी, प्रत्यक्ष वसुली व सूट हे सर्व वर्षवार मांडून त्यांचे आलेख काढावयाचे, आणि कोणत्या वर्षी किती भार लोकांनी खरोखर पेलला व कोणत्या वर्षी ते वाकले, हे पाहून तालुक्याचा दर ठरवावयाचा. बाजारपेठेचे अंतर व हवामान यांनुसार गावांचे गट पाडावयाचे. या कृतीत तर्कशास्त्राचा भाग थोडा व अनुभवाचा अधिक होता. अंतिम आकडा हा अधिकाऱ्याच्या अंदाजावरच ठरे. रिकार्डोच्या शिष्यांना ही पद्धत ओबडधोबड वाटली असल्यास नवल नाही. परंतु दीर्घ मुदतीच्या प्रश्नाला तिने दीर्घ मुदतीचीच कसोटी लावली.

या दोन कसोट्यांच्या दरम्यान एक मध्यम मुदतीची कसोटी आपल्याकडे होती व पुढे ती रूढ झाली. ती म्हणजे हंगामाची आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात. वर्षाचे पीक पूर्ण पिकाच्या मानाने किती आणे आले, यावरून त्या वर्षाच्या वसुलीची तहकुबी अथवा सूट ठरे. जमिनीची प्रतही आण्यांत आणि हंगामाचे पीकही आण्यांत, ही गोष्ट नीट पारखून घेण्यासारखी आहे. बारा आण्यांची जमीन आणि बारा आण्यांचे पीक यांत एकक सोडून काहीच समान नाही. पहिला आकडा पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाचा, दुसरा पुढील पावसाबरोबर वाहून जावयाचा. संगणकाच्या निकालपत्रांतही सेकंद हे एकच एकक सर्वत्र छापलेले असते. म्हणून छोट्या व लांब कसोट्यांचे वेळ एकाच सरासरीत घालण्याचा मोह विद्यार्थ्यांस होतो. अशा सरासरीत लांब कसोटी लहानांना गिळून टाकते. गुणोत्तरे घेतली तर उलट दोष येतो, आणि छोट्यांमधील क्षुल्लक चढउतारांनाही लांब कसोटीइतकेच वजन मिळते. आण्यांची बेरीज करण्यापूर्वी ते कशाचे आणे आहेत हे विचारले पाहिजे.

तीस वर्षांच्या मुदतीत आणखी एक बारकावा होता. ती मुदत सरकारवर बंधनकारक होती, शेतकऱ्यावर नव्हे. शेतकरी वर्षाअखेरीस राजीनामा देऊन कोणताही नंबर सोडू शके. मुदतीत विहीर खणली किंवा बांध घातला तरी सारा वाढत नसे. अर्थात एकाच करारात एका पक्षाची मुदत तीस वर्षे व दुसऱ्याची एक वर्ष होती. त्या काळच्या शेतकऱ्याच्या हातात हे मोठे संरक्षण होते, आणि नव्या दरांखाली पडीत जमीन लागवडीस आली याचे श्रेय केवळ दरांच्या हलकेपणाला न देता या व्यवस्थेलाही दिले पाहिजे.

तीस वर्षे १८६६–६७ च्या सुमारास भरली. आता फेरआकारणी करावयाची होती, आणि ती कर्नल फ्रान्सिस याच्या देखरेखीखाली झाली. फेरमोजणी झाली, प्रती पुन्हा तपासल्या गेल्या, आणि तालुक्याचा एकंदर आकार सुमारे निम्म्याने वाढला. वाढीचे समर्थन करणे अवघड नव्हते. १८३६ च्या मानाने धान्याचे भाव पुष्कळ चढले होते. पुणे–सोलापूर लोहमार्ग १८६० मध्ये पुरा होऊन बाजारपेठा जवळ आल्या होत्या. लागवड वाढली होती. यांतील लोहमार्ग ही टिकाऊ गोष्ट होती. भावांचे तसे नव्हते. त्या चढत्या भावांची शेवटची व सर्वांत उंच वर्षे अमेरिकेतील यादवी युद्धाची, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातील होती. युद्धामुळे कापसाचा पैसा पश्चिम भारतात ओतला गेला. लोहमार्गाच्या बांधकामावर खर्च झालेला पैसाही दख्खनेत खेळत होता. युद्ध संपले, बांधकाम आटोपले, आणि काही वर्षांत भाव उतरले. दर मात्र पुढील तीस वर्षांसाठी ठरून गेले होते.

प्रिंगलची चूक आणि १८६७ ची चूक या एकाच जातीच्या आहेत, असे येथे सुचवावेसे वाटते. पहिल्या वेळी छोट्या मुदतीचे उत्पन्न कायमच्या कसाचे प्रमाण मानले गेले. दुसऱ्या वेळी अल्पकाळच्या भावांना तीस वर्षांच्या भाराचे प्रमाण मानण्यात आले. विंगेट व गोल्डस्मिड यांनी दोन प्रश्न वेगळे केले होते ते १८६७ सालीही कागदावर वेगळेच होते. प्रतबंदी सुधारली होती, मोजणी अधिक अचूक होती. पण दुसऱ्या प्रश्नाच्या लांब कसोटीत तिची शेवटची काही वर्षेच बोलू लागली. छोट्या कसोटीची अचूकता वाढविल्याने हा दोष भरून निघण्यासारखा नव्हता.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने, जी १८७० साली स्थापन झाली होती, या फेरआकारण्यांविरुद्ध आवाज उठविला व शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी हाती घेतली. १८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीवर मर्यादा घातल्या : तालुक्याच्या किंवा गावांच्या गटाच्या आकारात शेकडा ३३ हून, एका गावाच्या आकारात ६६ हून व एका खातेदाराच्या आकारात १०० हून अधिक वाढ सामान्यतः होऊ नये. हा तोडगा उपयुक्त होता. मात्र त्याने मापन सुधारले नाही, मापनाच्या परिणामाला कुंपण घातले. पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, तेव्हा भीमथडी तालुक्यात व आता बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगल झाली. लोकांचा रोख सावकारांवर व त्यांच्याकडील कर्जरोख्यांवर होता, सरकारी दप्तरावर नव्हे. म्हणून फेरआकारणी हे दंगलीचे कारण होते काय, यावर चौकशी आयोगापासून आजच्या इतिहासकारांपर्यंत मतभेद आहेत. आमच्या मते साऱ्याने दंगल घडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण भाव उतरत असताना ठरल्या तारखेस रोख हप्ता भरण्यासाठी ज्याने रोख्यावर अंगठा उठविला, त्याच्या रोख्यातील काही भाग १८६७ च्या आलेखातून आला होता, हे नाकारता येत नाही.

आता संगणकाकडे परत वळू. स्पेक संस्थेचे प्रक्रियकांचे संच १९८९, १९९२, १९९५, २०००, २००६ व २०१७ या वर्षांचे आहेत. एवढ्या फेरआकारण्या का लागल्या, याचे एक कारण असे की यंत्रे जलद होत गेली व कसोट्या लहान होत गेल्या. जे काम नेमले तेव्हा पुरेसे लांब होते ते काही वर्षांत घड्याळाच्या सूक्ष्मतेच्या जवळ आले. म्हणजे लांब कसोटी न बदलताच छोटी झाली. दुसरे कारण इंदापूरच्या कनिष्ठ नोकरांची आठवण करून देणारे आहे. १९८९ च्या संचात मॅट्रिक्स३०० नावाचा कार्यक्रम होता. भाषांतरक कार्यक्रमांच्या कर्त्यांनी त्याची रचना ओळखून त्याचा वेग एकदम कित्येक पटींनी वाढविला, आणि १९९२ च्या संचातून तो वगळावा लागला.

याच्या उलट अडचण महासंगणकांच्या बाबतीत येते. १९९३ पासून निघणारी जगातील पाचशे यंत्रांची यादी लिनपॅक या कसोटीवर ठरते. पुण्याच्या सी-डॅकचा परम पद्म जून २००३ मध्ये या यादीत १७१ वा होता, आणि पुण्यातच उभारलेला 'एका' नोव्हेंबर २००७ मध्ये ११७.९ टेराफ्लॉप्स वेगासह चौथा आला होता. तेव्हा हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. या कसोटीत समीकरणांचा मोठा संच सोडवावयाचा असतो. समीकरणांची संख्या दुप्पट केली तर लागणारी स्मृती चौपट होते, परंतु काम आठपट होते. मोठ्या यंत्राने आपली सर्व स्मृती भरून कसोटी द्यावयाची ठरविली की कसोटीची मुदत वाढत जाते. जपानच्या 'के' संगणकाने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जो विक्रम नोंदविला, त्या एका फेरीस सुमारे साडेएकोणतीस तास लागले. एवढा काळ हजारो प्रक्रियकांपैकी कोठेही बिघाड न होता यंत्र चालले, हीही कसोटीच होती. फक्त तिचा आकडा यादीत छापला जात नाही.

यावरून आखणीचा जो प्रश्न उभा राहतो तो व्यवहाराचा आहे. प्रत्येक लहानसहान बदलानंतर साडेएकोणतीस तासांची कसोटी चालविणे अशक्य. म्हणून काही सेकंदांच्या कसोट्या प्रत्येक बदलानंतर, काही मिनिटांच्या रात्री, आणि काही तासांच्या आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी, अशी विभागणी करतात. गूगलने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या बेझल या बांधणी-साधनात कार्यक्रमांच्या तपासण्यांना ६०, ३००, ९०० व ३६०० सेकंद अशा चार मुदती नेमून दिलेल्या आहेत. या तपासण्या बिनचूकपणाच्या आहेत, वेगाच्या नव्हेत. पण मांडणीचे तत्त्व तेच आहे. तपासणी कशाबद्दल आहे यापेक्षा ती किती वेळ घेते यावरून तिची जागा ठरते. मुदत हा येथे वर्गीकरणाचा आधार झाला आहे, जसा १८४७ च्या कोष्टकात खोली हा झाला होता.

अशा व्यवस्थेत एक धोका उरतो व तो इंदापूरने दाखविलेलाच आहे. छोट्या कसोट्या दिवसातून अनेकदा चालतात, त्यांचे आकडे डोळ्यांसमोर असतात, आणि त्यांच्यावरून निर्णय घेण्याची सवय लागते. लांब कसोटीचा निकाल क्वचित येतो, उशिरा येतो, आणि त्याच्यात शेवटच्या काही फेऱ्यांचेच वजन धरले जाते. विद्यार्थ्यांनी प्रबंधात वेगाचे कोष्टक देताना प्रत्येक आकड्याशेजारी फेरीची मुदत व फेऱ्यांची संख्या नोंदवावी, आणि निरनिराळ्या मुदतींच्या कसोट्यांची कोष्टके वेगळी ठेवावी, अशी सूचना येथे करणे अप्रस्तुत होणार नाही.

इंदापूरच्या जमिनीविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला व बारामती-इंदापूरच्या काही गावांना पाणी मिळू लागले. पावणेदोन हात खोलीला सोळा आणे हे कोष्टक जिराईत ज्वारीच्या हिशेबाने बनले होते. पाणी आल्यावर सोळा आण्यांची खोल काळी जमीन काही ठिकाणी पाणथळ होऊन चोपण बनू लागली, आणि कमी आण्यांच्या, निचऱ्याच्या जमिनीत ऊस उभा राहिला. प्रतबंदीची छोटी कसोटी ज्या गृहीतावर उभी होती, की तिचे उत्तर उद्याही तेच राहील, ते गृहीत कालव्याकाठी उरले नाही. १८६७ च्या दरांची मुदत भरत आली तेव्हा १८९६–९७ चा दुष्काळ दख्खनेवर होता.